चौकोनीच पनाळ घ्या म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

जून तोंडावर आला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी एकच मेसेज फिरतो. त्यात म्हणून राहिले की छपराच्या कडेची पीव्हीसीची पनाळ नागपूरच्या उन्हात दोन वर्षांत खलास होते, अर्धगोल आता जुनी झाली, चौकोनी ॲल्युमिनियमचीच घ्या, वरून जाळी टाकली की साफसफाईचं टेन्शन कायमचं संपलं, आणि आपल्याकडे पाऊसच किती, पाणी खाली उतरवायला तीन इंची एक पाईप भरपूर झाला. शेजारच्या काकू हे वाचून धडधाकट पनाळ उतरवायला निघाल्या, म्हणून मी लिहायला बसले.

उन्हाचं आधी. प्लंबिंगचा साधा पाईप मधून चिरून पनाळ म्हणून लावून देतात ना, तो खरंच तडकतो. पण पनाळीसाठीच बनवलेल्या पीव्हीसीत ऊन सोसायचा मसाला असतो, तिची भानगड वेगळी आहे. आमच्या मागच्या टिनाच्या शेडची तीस फुटाची पनाळ दुसऱ्याच मे महिन्यात कमानीसारखी वर आली आणि जॉइंट उघडला, तेव्हा मीपण प्लास्टिकलाच शिव्या दिल्या. शिडी लावून पाहिलं तर प्लास्टिक ठणठणीत, फिटरनं अख्खी लाईन सोल्युशननं चिकटवून दोन्ही टोकं भिंतीत दाबून टाकली होती. थंडीतल्या पहाटेपासून मे मधल्या दुपारपर्यंत एवढी पीव्हीसी तीनेक सेंटिमीटर वाढते, ती जाणार कुठं? ॲल्युमिनियम तिच्या एक तृतीयांशच वाढतं, पण वाढतंच, जागा त्यालापण लागते. आम्ही मधे रबराचा जॉइंट टाकला, एका टोकाला दोन बोटं जागा सोडली, चार फुटांवरचे क्लॅम्प दोन फुटांवर आणले, आणि तीच पनाळ पुढचे चार उन्हाळे टिकून आहे.

आकाराचं म्हणाल तर चौकोनीत पाणी जास्त मावतं हे बरोबर आहे. सहा इंच रुंद आणि तीन इंच खोल धरली तर चौकोनीचं पोट 18 चौरस इंच, अर्धगोलचं 14. पण रिपरिप पावसात चौकोनीच्या सपाट तळाला पाणी पसरतं आणि गाळ तिथंच बसतो, अर्धगोलात थोडंसं पाणीपण मधोमध धार धरून कचरा ओढत नेतं. महाल भागातल्या आमच्या जुन्या कवेलूच्या घराला बाबांनी टिनाची अर्धगोल पनाळच लावली होती, दर दहा फुटाला अर्धा इंच उतार, दोरी लावून मोजलेला. उतार नसेल तर कोणत्याही आकारात डबकंच होते.

जाळीनं मोठी पानं अडतात, बस. कडुनिंबाची सुकलेली पानं आणि गुलमोहराची बारीक पाती जाळीतून सरळ आत जातात, मे मधल्या आंधीची धूळ वरून बसते आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. मृगाच्या आधी एकदा हात घालून साफ करावीच लागते, जाळी असली तर तीपण आधी उचला.

पाऊस किती म्हणता? वर्षाचा हजार मिलिमीटरच्या वर पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. पण पनाळीला वर्षाच्या आकड्याचं काय, तिला एका तासाचा हिशोब लागतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, लोकांच्या घरात पाणी शिरलं, ते विसरलो का आपण? शंभर मिलिमीटर म्हणजे हजार चौरस फुटाच्या छपरावर नऊ हजार लिटरपेक्षा जास्त. तीन इंचीपेक्षा चार इंची पाईपाचं पोट पाऊणपट जास्त मोठं असतं, आणि लांब पनाळीला एका टोकाऐवजी दोन्ही टोकांना पाईप दिला की उतारपण दोन बाजूंना वाटला जातो.

मेसेजात जे नाहीच ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाईप खाली कुठं सुटतो? आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छपराचं सगळं पाणी जोत्याच्या एकाच कोपऱ्यात ओतलं तर त्या कोपऱ्यातली भिंत आज ना उद्या चिरणार, वर ॲल्युमिनियम असो की टिन.

काकूंना मी सांगितलं, पनाळ आहे ती राहू द्या, त्या पैशात दुसऱ्या टोकाला चार इंची पाईप घ्या आणि दोन्हीकडचं पाणी खाली जोत्यापासून पाच-सहा फूट लांब, शोषखड्ड्यात सोडा. मिस्त्री रविवारी येऊन राहिला.