नऊपट मागणी म्हणजे नऊपट प्रक्षेपण नव्हे

एकाच सामायिक चॅनेलवरून हजारो रिसीव्हरना तीच ती माहिती फिरून फिरून पाठवायची, तर क्रम कसा लावायचा, हा माझ्या भाचीच्या प्रोजेक्टचा विषय. काल तिने चांगलं चाललेलं वेळापत्रक मोडून टाकलं. कारण काय, तर ‘प्रक्षेपणाचे चार नियम’ हा ग्रुपाग्रुपांवर फिरणारा मेसेज. जितकी मागणी तितक्या वेळा पाठवा; जास्त मागणीचं लागोपाठ पाठवा; क्वचित लागणारं चक्रातून काढा; ऐकणारे कितीही वाढोत, फरक पडत नाही. “मामा, सगळे हेच म्हणतायत,” ती म्हणाली. सगळे चुकतायत.

चौथा नियम खरा आहे, तेवढं मान्य करतो. दहा जण ऐकोत की दहा लाख, चॅनेलवरचा भार तोच. चक्राची लांबी ठरते ती नोंदींवरून, ऐकणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे; म्हणून ऐकणारे वाढले तरी कोणाला जास्त थांबावं लागत नाही.

खरा घात पहिला नियम करतो, कारण तो ऐकताक्षणी पटतो. हिशेब मांडून बघा. ‘अ’ आणि ‘ब’ या दोनच नोंदी, प्रत्येकीला एक सेकंद लागतो, शंभरातल्या ९० जणांना ‘अ’ हवी आणि १० जणांना ‘ब’. नुसतं अ-ब-अ-ब पाठवलं तर हवी ती नोंद सुरू होईपर्यंत सरासरी १ सेकंद थांबावं लागतं. आता नियम पाळा: नऊदा ‘अ’, मग एकदा ‘ब’. ‘अ’वाले ०.६ सेकंद थांबतात, ‘ब’वाले ५ सेकंद, एकूण सरासरी १.०४. म्हणजे मागणीकडे ढुंकूनही न पाहता जे जमलं, त्याहून वाईट! आणि अ-अ-अ-ब पाठवलं तर? ०.८७५.

हे तीनास एक आलं कुठून? मोस्तफा अम्मार आणि जॉन वाँग या संशोधकांनी १९८५ मध्येच टेलिटेक्स्टच्या (टीव्हीच्या सिग्नलबरोबर मजकुराची पानं फिरून फिरून पाठवणाऱ्या सेवेच्या) चक्रांचा अभ्यास करून दाखवलं, की सारख्या लांबीच्या नोंदी मागणीच्या नव्हे, मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पाठवाव्यात. नऊपट मागणी, तर तीनपट फेऱ्या. जी नोंद सतत येतेच आहे तिची आणखी एक फेरी वाढवून फारसा वेळ वाचत नाही. पण ती फेरी ज्याच्याकडून हिसकावली, तो ताटकळतो.

लागोपाठ पाठवण्याबद्दल थोडक्यात. अ-अ-ब-क मध्ये ‘अ’साठी सरासरी १.२५ सेकंद, अ-ब-अ-क मध्ये १ सेकंद. ‘ब’ आणि ‘क’ दोन्हीकडे तितकेच थांबतात. वर सिग्नलमध्ये क्षणभर खरखर आली की शेजारच्या दोन्ही प्रती एकदम जातात.

राहिला तिसरा. “हवं असेल तो मागून घेईल,” असं मेसेजमध्ये लिहिलंय. कोणाकडे मागणार? जीपीएसच्या मूळ नागरी सिग्नलमध्ये प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती तुकड्यातुकड्याने साडेबारा मिनिटांत पुरी करतो. कमी निकडीची म्हणून ती सावकाश येते, पण येते. कारण रिसीव्हर फक्त ऐकू शकतो, विचारू शकत नाही.

भाचीचे रिसीव्हरही असेच एकतर्फी आहेत. ‘क्वचित लागतात’ म्हणून तिने काढलेल्या नोंदींत धोक्याच्या सूचना होत्या. आज सकाळी बसून आम्ही आधी त्या परत घातल्या.