गणपतीआधी रंग लावू नका

पूर ओसरला, घर धुऊन झालं की लगेच विचारणा सुरू होते, "पेंटर कधी मिळेल?" चिपळुणात २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. मध्ये जेमतेम ५० दिवस. नऊ इंची विटेची भिंत उघडी ठेवली तरी महिन्याला साधारण इंचभर वाळते, आणि कोकणातल्या श्रावणात तेवढीही नाही. जांभ्याची भिंत तर पाणी पिऊनच बसते. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, वर सरकते, क्षार बाहेर ढकलते, आणि दिवाळीच्या आसपास पोपडे सुटतात. पैसे पाण्यात. दुसऱ्यांदा.

मुळापासून सांगतो. पाणी उतरत असताना, घोट्याएवढं उरलेलं असतानाच खराट्याने गाळ ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. सुकला की तो फावड्याने खरवडावा लागतो. त्याआधी पाच मिनिटं काढून प्रत्येक खोलीचे फोटो घ्या आणि पाण्याची रेघ भिंतीवर पेन्सिलीने तारखेसकट आखा. पंचनाम्याला आणि विम्याला ती लागते, शिवाय पुढे भिंत कुठपर्यंत खरवडायची तेही तिच्यावरूनच ठरतं. गाळात उतरताना गमबूट हवेत, लेप्टोचा (उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका खरा असतो. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर त्या दिवशी संडास धुण्याचं ॲसिड जवळही नको. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू होतो.

वायरमनने तपासल्याशिवाय पंखासुद्धा लावायचा नाही. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) वाळवून परत बसवू नयेत, बदलावेत. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं, म्हणून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरमधून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती लाइन चालू करायची नाही.

आता वाळवणं. "दारं-खिडक्या उघडून टाका" हा सल्ला सांगलीला उघडीप असताना ठीक आहे. चिपळूण, महाडला बाहेरची आर्द्रता ९० टक्के असताना खिडकी उघडून ओल घरातच येते. काही शे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या. ऊन पडलं की सगळं उघडायचं, खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावायचा. पाऊस लागला की खोली बंद करून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र), आणि टेबलफॅनचा झोत भिंतीला घासून जाईल असा तिरका. आतला आकडा ६० च्या खाली आणायचा आहे.

गॅसची शेगडी पेटवून खोली सुकवण्याचा उद्योग मात्र करू नका. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटतं. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीसेक लिटर! कोळशाची शेगडी बंद खोलीत तर जीवच घेते.

भिंतीवरचा जुना प्लास्टिक पेंट आणि पुट्टी रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत खरवडून काढा, कारण ओल रेघेवर थांबत नाही, वर चढते. सिमेंटचा गिलावा बोटाने ठोकून पाहा. पोकळ वाजला तेवढाच पाडा, सरसकट फोडायला लागू नका. पीओपी भिजलं असेल तर गेलंच. प्लायवूडचे दिवाण आणि किचनच्या ट्रॉल्या फुगल्या की परत बसत नाहीत, त्यांच्यात जीव अडकवू नये. सागवानी कपाट सावलीत, भिंतीपासून दूर, मागची फळी काढून वाळवा. अडकलेला खण ओढू नका, वाळला की आपोआप सुटतो. कागदपत्रं दोन दिवसांत वाळणार नसतील तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी थांबते.

पांढरा क्षार फुटला की कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने पुसला की तो विरघळून परत भिंतीतच मुरतो. "वॉटरप्रूफ" रंगाचा डबा घेऊन येणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही कडांनी टेपने चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली. रेघेखाली तीन-चार ठिकाणी, विशेषतः कोपऱ्यात आणि कपाटामागे, कोरडा निघेपर्यंत थांबायचं. बहुतेक घरांत त्याला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो.

आणि गणपती? खरवडलेल्या भिंतीवर चुन्याचे दोन हात द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि दिसतेही स्वच्छ. मखर भिंतीला टेकवू नका. मागे चार बोटं जागा सोडून दांडीवर सुती पडदा लावा, म्हणजे वारा खेळता राहील. प्लायचा मंडप तेवढा या वर्षी नको.