करंडक मोडीत काढण्याची सभ्य रीत

बुद्धिबळ मंडळाच्या कार्यवाहपदी आपली बिनविरोध निवड झाली, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. दुसरे कोणीही तयार नव्हते म्हणून निवड बिनविरोध झाली, हे आपल्यालाही ठाऊक आहे. परंतु पदाचा खरा भार मावळत्या कार्यवाहांनी किल्ल्यांचा जुडगा हाती ठेवला तेव्हा जाणवला असेल. त्यातल्या गंजलेल्या किल्लीने सभागृहामागचे लोखंडी कपाट उघडते, आणि त्या कपाटात शिसवी पेटीतला एक जुना बुद्धिबळ संच, चावीचे एक बंद घड्याळ, काळे पडलेले काही करंडक आणि खिळा निसटलेली एक फिरती ढाल आहे. या सर्व ऐवजातून आपला कार्यकाळ संपण्यापूर्वी, कोणाच्याही मनाला न दुखावता आणि चोरीचा बट्टा न लागू देता मोकळे कसे व्हावे, एवढ्यापुरताच हा सल्ला आहे.

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणण्याची प्रथा आहे आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी आशियाई विजेती या गावच्या पटावर घडली, हे आपण प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात सांगावेच. मात्र पंढरी म्हटली की देणगीदारही आले. संस्थानी अमदानीतल्या कोणा सरदाराने, वकिलाने किंवा हळदीच्या अडत्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला चांदीचा करंडक ज्या क्लबाच्या, जिमखान्याच्या किंवा मंडळाच्या कपाटात एके काळी नव्हता, अशी जुनी संस्था या भागात शोधावी लागेल. तो करंडक आज ज्या संस्थेच्या कपाटात आहे, अशी संस्था मात्र त्याहून अधिक शोधावी लागेल. हे स्थित्यंतर पार पडले ते दरोडेखोरांमुळे नव्हे, तर आपल्यासारख्याच निःस्पृह, पदरमोड करणाऱ्या सज्जनांमुळे. त्यामुळे आपण मनात अपराधीपणा ठेवू नये.

आरंभ डेडस्टॉक रजिस्टरापासून, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीपासून करावा. त्यात 'करंडक मोठा – 1, करंडक लहान – 4, बुद्धिबळ संच जुना – 1' अशी नोंद असेल, आणि ती ज्यांनी केली त्यांच्या दूरदृष्टीला मनोमन नमस्कार करावा. वजन नाही, उंची नाही, कोरलेला मजकूर नाही, फोटो नाही. अशा नोंदीपुढे कोणताही मोठा करंडक उभा केला तरी नोंद खरीच ठरते. आपला एखादा उत्साही सभासद मोबाईलवर फोटो काढून प्रत्येक वस्तूची यादी करू म्हणाला, तर त्याला ताबडतोब स्पर्धा समितीवर घ्यावे, म्हणजे त्याला वेळ उरणार नाही. कायद्याचीही फारशी भीती बाळगू नये. संस्थेची गुंठाभर जागा विकायची तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, परंतु ते कलम स्थावर मालमत्तेपुरते आहे. करंडक जंगम असतो, आणि जंगम शब्दाला जागून तो चालता होतो.

चालते होण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग म्हणजे 'सुरक्षिततेसाठी घरी ठेवणे'. सभागृहाचे दार तकलादू आहे, पहारेकरी म्हातारा आहे, तेव्हा मोठा करंडक अध्यक्षांच्या दिवाणखान्यात राहावा असा ठराव सभेत कोणीतरी मांडतो, कोणीतरी अनुमोदन देतो आणि चहा येतो. अध्यक्षांच्या शोकेसमध्ये करंडक वीस वर्षे सुखाने नांदतो. पुढे अध्यक्ष निवर्ततात, वाड्याच्या जागी अपार्टमेंट उभे राहते, मुलगा पुण्याला आणि नातू कॅलिफोर्नियाला असतो, आणि आजोबांनी जिंकलेला कप म्हणून तो करंडक सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून निघून जातो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेण्यास 1972 च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे, हे नातवाला माहीत नसते. आजोबांना बुद्धिबळात घोडा कसा चालतो हेही माहीत नव्हते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपण फक्त शोकसभेत दोन शब्द बोलावेत आणि करंडकाचा विषय अशा प्रसंगी काढणे शोभत नाही, असे मानून तो पुढेही काढू नये.

बुद्धिबळ संचाच्या बाबतीत घाई करण्याचे कारण नाही, कारण तो आपण होऊन कमी होत असतो. 1849 साली नॅथॅनिएल कुक यांनी नोंदवलेली आणि लंडनच्या जॉन जेक्स यांनी बाजारात आणलेली 'स्टाँटन' घडणीची मोहरी आज जगभर प्रमाण मानली जातात. त्या कारखान्याच्या जुन्या संचांत राजाच्या बाजूच्या घोड्यावर आणि हत्तीवर बारीक मुकुटाचा शिक्का असे. राजाचा घोडा कोणता आणि वजिराचा कोणता हे चाल लिहिताना कळावे म्हणून. आपल्या पेटीतल्या घोड्याच्या माथ्यावर असा ठिपका दिसला, तर तो डाग समजून सुताराकडून पॉलिशपेपरने घासून घ्यावा आणि वर चकचकीत वॉर्निशचे दोन हात द्यावेत. बुडाचे हिरवे कापड सुटून आतले शिसे निघाले असेल तर ते फेकून द्यावे, मोहरे हलके होते आणि मुलांना उचलायला बरे पडते. उन्हाळी शिबिरासाठी हाच संच काढावा, म्हणजे चौथ्या दिवशी एक प्यादे आणि समारोपाला एक उंट कमी भरेल. उंटाच्या जागी औषधाच्या बाटलीचे बूच ठेवण्याची परंपरा जुनी आहे. पोरे पटकन सरावतात आणि बुचाने वजीर मारतातसुद्धा.

संच हस्तिदंती निघाला तर मात्र प्रकरण नाजूक आहे. देशी हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 1986 च्या दुरुस्तीनंतर बंद झाला, आणि जवळ असलेल्या अशा वस्तू जाहीर करण्यासाठी सरकारने 2003 साली 180 दिवसांची मुदत दिली होती. त्या 180 दिवसांत आपले मंडळ घटनादुरुस्तीवर वाद घालत होते. त्यामुळे आता विकता येत नाही, दाखवता येत नाही आणि जाणकाराला विचारण्याचे धैर्यही होत नाही. अशा वेळी पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकावी. अंधारात हस्तिदंत अधिक पिवळे पडते, दमट-कोरड्या हवेच्या फेऱ्यांत तडकते, आणि दहाएक वर्षांनी कोणालाच ते हस्तिदंत आहे असे वाटत नाही.

एवढे करूनही एखादी वस्तू का नाही याचे उत्तर द्यावेच लागले, तर कृष्णामाई आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याने 45 फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून 57 फूट गाठले होते. त्या पाण्यात घरे, दुकाने आणि वाचनालयातली ग्रंथसंपदा खरोखरच गेली, आणि ज्यांचे गेले ते अजून सावरत आहेत. म्हणूनच आपले विधान कोणी तपासत नाही. मंडळाचे कपाट दुसऱ्या मजल्यावर होते, ही बाब गौण समजावी. काळजी एवढीच घ्यावी की, 2006 च्या बक्षीस समारंभाच्या फोटोत पाहुण्यांच्या हातात तो करंडक दिसत असेल, तर 2005 चा पूर सांगू नये. 2019 सालचा सांगावा, आणि तोही अडत असेल तर 2021 चा आहे. सांगलीकराला या बाबतीत पर्याय कमी पडत नाहीत.

मोठ्या पातळीवरचे दाखलेही जवळ असू द्यावेत. 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये खुल्या व महिला गटांच्या एकत्रित कामगिरीबद्दल भारताला मिळालेला नोना गाप्रिंदाश्विली करंडक 2024 साली बुडापेस्टच्या स्पर्धेसाठी परत करण्याची वेळ आली, तेव्हा तो राष्ट्रीय महासंघालाच सापडेना. त्या वर्षीही तो मान भारतानेच मिळवला, म्हणजे खेळण्यात आपण कोठेही कमी नाही. कोणी स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावरच्या मोहऱ्याची गोष्ट सांगू लागेल. वॉलरसच्या दातातून कोरलेले ते मध्ययुगीन मोहरे एडिंबरोच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने 1964 साली 5 पौंडांना घेतले, घरच्यांनी ते ओळख न पटता सांभाळले आणि 2019 च्या लिलावात त्याला 7,35,000 पौंड आले. अशा गोष्टींनी सभासद आपापली कपाटे उघडून पाहू लागतात. विषय बदलावा.

उरलेल्या करंडकांना शेवटी 'उजाळा' द्यावा. ते सराफाकडे द्यावेत आणि पावती मागू नये, कारण त्यातून अविश्वास दिसतो. जर्मन सिल्व्हरचे असतील ते घासून परत येतील. वरचा चांदीचा मुलामा निघून खालचा पिवळट धातू दिसेल, त्याला जुनेपणाची झळाळी म्हणावे. चांदीचे असतील ते मोडीच्या भावाने जातील. लाकडी बैठकीवर विजेत्यांच्या नावांच्या चांदीच्या चिमुकल्या ढाली ठोकलेल्या असतात. 1938, 1939, मग युद्धामुळे रिकामी जागा, मग पुन्हा नावे. त्या वजनात फारशा भरत नाहीत, पण काढून घ्याव्यात, म्हणजे बैठक कुंडीखाली ठेवता येते. आलेल्या रकमेतून ॲक्रिलिकची पंचवीस सन्मानचिन्हे होतात. प्रत्येक गटात तीन, उत्तेजनार्थ पाच, शिवाय मान्यवरांना वेगळी, आणि प्रायोजकाचे नाव ठळक येते, ही सोय जुन्या करंडकात नव्हती.

कधीतरी देणगीदाराची पणती गावी येईल आणि पणजोबांच्या नावाचा कप पाहायचा आहे म्हणेल. तिला खुर्ची द्यावी, भडंग आणि चहा द्यावा, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते आज मिरजेला गेले आहेत असे सांगावे आणि नव्या करंडकासाठी देणगीचा फॉर्म पुढे करावा. बहुतेकदा ती देतेही.

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत मात्र हा वारसा छापायलाच हवा. जुन्या अल्बममधला कृष्णधवल फोटो स्कॅन करून 'मंडळाच्या संग्रहातील ऐतिहासिक करंडक' अशी ओळ द्यावी. समोरच्या पानावर त्या सराफाची जाहिरात आनंदाने मिळते. रंगीत पूर्ण पानाचा दर लावावा आणि रक्कम आगाऊ घ्यावी.