गाडीचं तोंड बांधताना

विदर्भात माणूस गाडी घेतो ती उन्हाळ्यासाठी. शोरूममध्ये पहिला प्रश्न एसीचा, दुसरा प्रश्न एसी मागच्या सीटवर पोचतो का, हा. मग पुढची सगळी वर्षं कडुनिंबाची सावली शोधत गाडी लावायची आणि स्टिअरिंगवर दुपट्टा टाकून ठेवायचा. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ वर गेला होता, हे आमच्याकडे लोक स्वतःच्या पोराचे दहावीचे टक्के सांगावेत तसे सांगतात. अशा मुलखात, 'मला गाडीचं इंजिन गरम ठेवायचं आहे,' असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक वळून पाहणारच.

पण थंडी आमच्याकडेही पडते हो. त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि माझं गाव तर परतवाड्याच्या अलीकडे, समोर मेळघाटचे डोंगर, वर चिखलदरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिकडून जो वारा उतरतो, तो संत्र्याच्या बागांतून गार होऊन थेट माझ्या गाडीच्या जाळीत शिरतो. मी सकाळी अमरावतीला नोकरीवर निघतो तेव्हा रस्त्यावर फक्त दुधाच्या कॅनवाले आणि मी.

गाडी हायब्रिड आहे. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. गरज नसली की इंजिन आपोआप बंद होतं, लागलं की आपोआप सुरू होतं. घेताना कंपनीच्या कागदावर लिटरला २७ च्या वर आकडा पाहिला आणि मी मनातल्या मनात पेट्रोल पंपवाल्याचा निरोप घेतला. पण या इंजिनाची एक खोड आहे. कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, पुरेसं तापेपर्यंत ते बंद व्हायला तयारच नसतं. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तोही तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी गाडी उभी असली तरी इंजिन घुर्रघुर्र चालूच. कसंबसं तापलं की बंद होतं, उताराला गाडी मोटरवर धावते, तेवढ्यात समोरून गार वारा घुसतो, इंजिन निवतं, पुन्हा घुर्रघुर्र. मायलेजचा आकडा पाहून मला सकाळी सकाळी घाम फुटायचा. गाडीला मात्र फुटत नव्हता.

यावरचा उपाय जुना आहे. जपानात १९९७ साली टोयोटाची पहिली प्रियस ही हायब्रिड गाडी आली, आणि पुढे अमेरिका-कॅनडातल्या बर्फाळ गावांतले प्रियसवाले हिवाळ्यात समोरच्या जाळीच्या फटींत पाइपावरच्या फोमच्या नळ्या दाबून बसवू लागले. वारा अडतो, इंजिन लवकर तापतं, तापलेलं टिकतं. आता काही महागड्या गाड्यांत हेच काम करणाऱ्या, आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा कंपनीच बसवून देते. माझ्या गाडीत त्या नाहीत. म्हणजे झडप मलाच व्हावं लागणार होतं.

टपरीवर हे समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केला.

"म्हणजे इंजिन चालता चालता बंद पडते?" मेकॅनिकनं विचारलं.

"पडत नाही. होतं. आपोआप."

"मंग तेच तं. कॉइल गेली असन."

शेजारचे काका चहा फुंकत म्हणाले, "काऊन बे, मे महिन्यात तू बोनेटवर पाणी टाकत होता, आता गोधडी टाकून राह्यला. एकदा ठरव न, गाडीले काय पायजे ते!"

आणि खरी अडचण काकांच्या या बोलण्यातच होती. कॅनडातला माणूस नोव्हेंबरात फोम कोंबतो आणि मार्चपर्यंत विसरून जातो. आमची थंडी नोकरदार आहे, सकाळची ड्यूटी करून निघून जाते. पहाटे आठ-नऊ अंश, आणि दुपारी परत येताना अठ्ठावीस. फोम ठेवला तर दुपारी इंजिन उकडणार, काढला तर सकाळी पुन्हा गुडघ्यावर बसून कोंबा. म्हणून मी ठरवलं की आपलं झाकण दुकानाच्या शटरसारखं हवं. सकाळी खाली, दुपारी वर गुंडाळून दोन पट्ट्यांनी बांधलेलं. खालची फट मात्र कायम उघडी, कारण विजेच्या मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरला थंड ठेवणारं पाणी वेगळं फिरतं आणि त्याला वारा लागतोच. शिवाय कूलंटचं तापमान मोबाइलवर दाखवणारा ओबीडीचा चिमुकला डबा डॅशबोर्डखाली खोचला, कारण या गाडीत तापमानाचा काटाच नाही. बायकोला तो डबा दाखवला. ती म्हणाली, "माझा बीपी कधी इतक्या वेळा पाहिला का?"

शिवायला चौकातल्या टेलर मास्तरांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर सफारी आणि शाळेचे गणवेश शिवले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटसमोर उकिडवे बसले.

"छाती अडतीस," ते पोऱ्याला म्हणाले. "लिही. कंबर नाही."

मग माझ्याकडे वळून, "फिटिंग ठेवू का थोडं ढिलं? अजून भरन का गाडी?"

"गाडी कशी भरेल, मास्तर?"

"सगळे असंच म्हणते."

बाहेरून काळं रेक्झिन आणि आतून काहीतरी जाड अस्तर, एवढं ठरलं. अस्तराचं ते बघून घेणार होते. दोन दिवसांत देतो म्हणाले. टेलरचे दोन दिवस सगळ्या महाराष्ट्रात सारखेच असतात. तोपर्यंत मी नावाच्या मागे लागलो.

नाव कशाला हवं, असं कुणी विचारू नये. वस्तूला नाव नसलं की घरात ती सापडत नाही. "ते समोरचं लावलं का?" म्हटलं की आई देव्हाऱ्याकडे बघायची. मी 'हिमकवच' सुचवलं. बायको म्हणाली, हे टाचेच्या भेगांना लावतात. 'शीतरोधक मुखावरण' ऐकून आईनं मला ताप आहे का पाहिलं. काकांनी 'शकुंतला' म्हटलं. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी आमची ती नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, आणि काका तिच्यात बसून कॉलेजला गेलेले. "ते इंजिन सकाळी तापवाले किती वेळ लागे माहीत हाय का? पण तापलं की तापलं!" पुढे बराच वेळ ते शकुंतलेबद्दलच बोलत राहिले आणि माझी गाडी मागेच राहिली. आमच्या सालदारानं एका शब्दात निकाल लावला. डवरणीच्या वेळी बैलांनी पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ते 'मुसकं'. नाव चपखल होतं. पण बायकोनं मोडता घातला. "एवढे पैसे घालून घेतलेल्या गाडीला मी बैल म्हणू देणार नाही," ती म्हणाली. बैलाचा अपमान होतो, असं सालदाराचंही मत पडलं.

शेवटी झाकण आलं. काम सुरेख, दुहेरी शिलाई, काजंसुद्धा केलेली. सकाळी लावलं, निघालो. अमरावतीचा अर्धा रस्ता होण्याआधीच इंजिन तापून शहाण्यासारखं बंद होऊ लागलं, आणि एकदा तापल्यावर उताराला पटकन निवेनासंही झालं. मायलेज सुधारलं. कागदावरच्या आकड्याची आणि माझी ओळख नाही झाली, पण आता दुरून रामराम तरी होतो.

दुपारी निघताना झाकण वर गुंडाळलं, पट्ट्या बांधल्या आणि गावाकडे निघालो. रस्त्यात ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. फाट्यावर एका अनोळखी माणसानं मोटरसायकल थांबवून नमस्कार घातला. चौकात शिरलो तर पोट्टे गाडीमागे धावले. उतरून समोर आलो आणि उलगडा झाला. मास्तरांनी अस्तराला जुनं फ्लेक्स वापरलं होतं. गुंडाळलं की आतली बाजू बाहेर येते, आणि बरोबर जाळीच्या वर, लाल ठसठशीत अक्षरांत, 'भावी'. पुढचा 'आमदार' घडीत गेला होता. बाजूला साहेबांची अर्धी मिशी.

"जाड माल होता," मास्तर म्हणाले. "दोन पावसाळे टिकला तो. भावी आमदाराचं फ्लेक्स हलकं नसते."

मग नावाचा प्रश्न उरलाच नाही. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "भावी खाली केली का रे? गारठा हाय." दुपारी अमरावतीहून निघताना बायकोचा फोन, "भावी वर कर, ऊन आहे." मेकॅनिक येऊन जाळीत बोट घालून म्हणाला, "भावीनं फरक पडते हां."

साहेबांच्या कार्यकर्त्यापर्यंतही बातमी गेली. तो आला, मोबाइलवर फोटो काढला आणि विचारता झाला, "भाऊ, उन्हाळ्यात पण राहू द्या न वर." मी त्याला सांगितलं की होळीआधीच झाकण निघणार, नाहीतर इंजिन उकळेल. तो जरा विचारात पडला. "नुसतं वरच ठेवा न. खाली कायले करता? आमाले खाली नकोच हाय."

आता मास्तरांकडे ऑर्डरी सुरू झाल्या आहेत. काकांना त्यांच्या डिझेल जीपसाठी हवं होतं. त्या जीपला हायब्रिडशी काही देणंघेणं नाही, पण हिवाळ्यात रेडिएटरपुढे पुठ्ठा खोचायची त्यांची जुनी सवय आहे. त्यांच्या अस्तरावर 'कार्यसम्राट' आलं. काका त्या दिवसापासून जीप दुपारी मुद्दाम चौकातून नेतात. मास्तरांजवळच्या फ्लेक्समध्ये आता फक्त 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' तेवढं उरलं आहे, आणि ते सरपंचांनी आपल्या ट्रॅक्टरसाठी इसार देऊन ठेवलं आहे.