सातशे भाग पाहूनही जपानी का आलं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नावाच्या जागी तुम्ही 'एक जुना विद्यार्थी' एवढंच लिहिलंय, म्हणून नुसताच नमस्कार. मागच्या लेखात मी 'भरपूर वाचा, भरपूर सिनेमे बघा, जपानी येत जाईल' असं म्हटलं होतं. त्यावर तुम्ही चांगलेच तापलात.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही चार वर्षं जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे पाहिलं, सातशेच्या वर भाग, आणि पदरात पडलं ते 'सुगोई' (भारी!) आणि 'नानी' (काय?). मग हौसेनं एक जपानी कादंबरी मागवलीत. महिन्याभरात आठ पानं झाली आणि आता ती कपाटात आहे. एका मुलाखतीत अ‍ॅनिमेतलं जपानी तोंडून निघालं आणि समोरचे हसले. तेव्हा व्याकरण, शिक्षक आणि घोकंपट्टी यांना पर्याय नाही, तुमचे आजोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करूनच इंग्रजी शिकले, आणि मी सांगते ती रिकामटेकड्यांची चैन आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, 'तुम्ही स्वतः क्लासला गेला होतात की नाही, ते खरं सांगा.'

गेले होते. दोन वर्षं, शनिवार-रविवार, सकाळी आठ वाजता. हिरागाना-काताकाना या दोन्ही जपानी लिप्या तिथेच गिरवल्या, क्रियापदांची रूपं तिथेच पाठ केली, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-फोर पातळी तिथूनच झाली. मागच्या लेखात हे लिहिलं नाही, कारण ती दोन वर्षं मला फार कंटाळवाणी गेली आणि त्यांचा राग अजून आहे. रागापायी पायरीच गाळून टाकली, ही चूक माझी. 'व्याकरणाला हातही लावू नका' हे वाक्य मी आज लेखातून काढलंय. जपानीच्या बाबतीत तर ते अगदीच बेजबाबदार होतं. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, 2136 आहेत, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि ज्याला अक्षरच लागत नाही त्याला 'वाचत सुटा' सांगण्यात काय अर्थ?

पण तुमच्या सातशे भागांचा हिशेब मला मान्य नाही. एक भाग वीस मिनिटांचा धरला तर हे दोनशे तेहतीस तास झाले. एवढे तास जपानी कानावर पडूनही काही आलं नाही, असं तुम्ही म्हणता. तुम्हीच पुढे लिहिलंय की सबटायटल्स इंग्रजी होती. मग ते दोनशे तेहतीस तास तुम्ही इंग्रजी वाचत होतात. जपानी मागे चाललं होतं, स्वयंपाक करताना रेडिओ चालतो तसं. डोळ्यांसमोर अर्थ आयता लिहून येत असेल तर कान कशाला कष्ट घेतील? इंग्रजी पट्टी बंद करून जपानी लावली असतीत, म्हणजे जे ऐकू येतंय तेच लिहून येतंय, तर निम्म्या तासांतही चित्र वेगळं दिसलं असतं. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारींनी 1996 मध्ये सुरू केलेलं काम याच जातीचं: हिंदी गाण्याखाली हिंदीच ओळी, म्हणजे गाणं ऐकता ऐकता माणूस वाचायला लागतो. दूरदर्शनवर 'रंगोली' बघताना आपण किती वेळा त्या ओळींबरोबर गुणगुणलो असू, पण त्यामागचा हेतू कुणाच्या लक्षात आला होता?

आता आठ पानांची कादंबरी. इथे मात्र मला तुमची खरंच हळहळ वाटली, कारण दोष तुमचा नव्हता आणि वाचनाचाही नव्हता. पुस्तक चुकलं. 2000 साली हू आणि नेशन या अभ्यासकांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला देऊन, किती शब्द ओळखीचे असले की ती नीट कळते हे तपासलं. शंभरातले ऐंशी शब्द माहीत असलेल्यांपैकी एकालाही ती पुरेशी कळली नाही. मदतीशिवाय आरामात वाचायचं तर अठ्ठ्याण्णव टक्के शब्द माहीत हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानावर फक्त चार अनोळखी. तुमच्या कादंबरीत एका ओळीत चार असतील. त्याला वाचन म्हणत नाहीत, ते उत्खनन झालं. महिनाभर खणत राहिलात याबद्दल खरं तर तुमचं कौतुकच करायला हवं.

जपानमध्ये या भरपूर वाचनाला 'तादोकु' म्हणतात. त्यांचा पहिलाच नियम असा की सोप्यापासून सुरुवात करा, आणि सोपं म्हणजे लाज वाटेल इतकं सोपं. पातळी शून्यपासून पुस्तकं असतात: पानभर चित्र, खाली दोन-तीन ओळी, कांजीच्या डोक्यावर फुरिगाना, म्हणजे तिचा उच्चार बारीक अक्षरांत. बरीचशी इंटरनेटवर फुकट मिळतात. अडलं तर सोडून पुढे जा, आणि पुस्तक जमत नसेल तर ते ठेवून दुसरं घ्या, हेही त्यांचेच नियम. मी पीएमटीत बसून माकड आणि खेकड्याची गोष्ट वाचायचे तेव्हा शेजारच्या कॉलेजकुमारानं विचारलं होतं, 'काकू, मुलीचं पुस्तक का?' मी हो म्हटलं. मला मुलगी नाही.

एका नियमाशी मात्र माझं पटत नाही. डिक्शनरी बघूच नका म्हणतात. मला ते जमलं नाही. माझा नियम असा की एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला की बघायचा. पहिल्यांदा येतो तो पाहुणा, दुसऱ्यांदा येतो तो योगायोग, तिसऱ्यांदा आला म्हणजे मुक्कामाला आलाय.

तुम्ही विचारलंत, वाचून आणि ऐकून असं काय मिळतं जे क्लासमध्ये मिळत नाही? एक उदाहरण देते. सेनसेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, फळ्यावर लिहिलं होतं: क्रियापदाचं 'ते' रूप अधिक 'शिमाउ' म्हणजे क्रियेची पूर्णता किंवा खेद. आम्ही वहीत उतरवलं. परीक्षेत चार मार्क मिळाले. पुढे एका सिनेमात एक मुलगा आईला सांगतो, 'ताबेचात्ता'. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. हे 'ताबेते शिमात्ता'च, बोलण्यात आकसलेलं. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की हे तर 'खाऊन टाकलं'! पूर्णताही आहे आणि थोडा अपराधीपणाही आहे. मग रांगच लागली. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, आणि 'मिरु' म्हणजे बघणंच. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणंच. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसले. घरातून निघताना म्हणतात 'इत्ते किमास', म्हणजे शब्दशः 'जाऊन येतो'. आतला माणूस म्हणतो 'इत्तेराश्शाई', म्हणजे 'जाऊन या'. मी 'जाते' म्हटल्यावर माझी आजी कितीदा रागावली असेल! मराठी माणसाला जपानी शिकताना केवढा फुकटचा ठेवा मिळतो हा, आणि आम्हाला ते इंग्रजी व्याकरणाच्या चष्म्यातून 'पूर्णता किंवा खेद' म्हणून शिकवलं गेलं. फळ्यावरच्या नियमाशिवाय मला 'ताबेचात्ता' ओळखता आलं नसतं, हे कबूल. पण नुसत्या नियमानं ते माझं झालं नव्हतं.

आकसलेल्या रूपांचंच घ्या. आपण 'करीत आहे' लिहितो आणि 'करतोय' बोलतो. जपानीत 'ते इरु'चं 'तेरु' होतं, 'ते ओकु'चं 'तोकु'. पुस्तकी मराठी शिकून आलेला माणूस पुण्यात डेक्कनवर 'काय करतोयस' ऐकून जसा गांगरेल, तसे आपण तोक्योत गांगरतो.

'ही सगळी पाश्चात्त्य फॅडं' असंही तुम्ही लिहिलंय. मग फिजीचं ऐका. तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये एल्ली आणि मंगुभाई या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. चौथी-पाचवीची मुलं, इंग्रजी त्यांना परकी. काही मूळची फिजीची, काही आपल्याकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांच्या वंशातली. काही वर्गांना अडीचशे रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली आणि बाकीच्यांचे नेहमीचे वाक्यरचनांचे धडे चालू ठेवले. आठ महिन्यांनी पुस्तकवाल्या मुलांची वाचनातली प्रगती जवळपास दुपटीनं झाली होती. दुसऱ्या वर्षी ती आघाडी लेखन-व्याकरणापर्यंत पोचली. श्रीमंत शाळा नव्हत्या त्या, आणि मुलं काही रिकामटेकडी नव्हती.

बोलण्याबद्दल मात्र तुमचा मुद्दा पक्का आहे. कॅनडात 1965 पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग झाला. त्यांना फ्रेंच कळायचं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं. बोलताना-लिहिताना मात्र व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच. मेरिल स्वेन या भाषाभ्यासकांनी त्यावरूनच 1985 मध्ये मांडलं की कळण्यावर भागत नाही, स्वतः वाक्य जुळवताना अडखळावं लागतं, तेव्हा कुठे आपल्याला काय येत नाही ते दिसतं. मागच्या लेखात मी हे सोयीस्करपणे टाळलं.

पण मग क्लासनं तरी कुठे बोलायला शिकवलं? ज्या जेएलपीटीसाठी अख्खं पुणं जुलै-डिसेंबरात धावतं तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते, लिहिण्याचीही नसते. सगळे पर्याय निवडायचे गोल. माझ्या बॅचमधले एन-टू, म्हणजे एन-फोरच्या बऱ्याच वरची पातळी, झालेले दोघं जपानी पाहुणा समोर आला की पाणी आणायला जायचे. मी काय केलं ते सांगते. चाकणच्या आमच्या कंपनीत जपानी इंजिनियर यायचे. त्यांना संध्याकाळी गाडीतून पुण्यात हॉटेलवर सोडायचं काम कुणाला नको असायचं, ते मी मागून घेतलं. नाशिक फाट्याच्या वाहतुकीनं मला जितकं जपानी बोलायला लावलं तितकं कुठल्याही वर्गानं लावलं नसेल. दीड तास कोंडलेला माणूस माझ्या चुका ऐकून घेण्यापलीकडे करणार काय?

तुमच्या मुलाखतीवर मी हसणार नाही, कारण माझी फजिती याहून मोठी आहे. सामुराईंच्या सिनेमात सरदार लढून आलेल्या शिपायांना 'गोकुरो' म्हणतो, ते मला फार आवडलं होतं. दिवसभर काम करून निघालेल्या एका साठीच्या वरिष्ठ पाहुण्यांना मी लवून म्हटलं, 'गोकुरोसामा देशिता'. ते क्षणभर थांबले, हसले, निघून गेले. नंतर एका सहकाऱ्यानं समजावलं की हे वरच्यानं खालच्याला म्हणायचं. त्यांना 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. म्हणजे मी त्यांना साधारण 'शाब्बास रे गड्या' म्हटलं होतं. अ‍ॅनिमेत नायक समोरच्याला 'ओमाए' म्हणतो, स्वतःला 'ओरे' म्हणतो. मराठी सिनेमातल्या टपोरीकडून मराठी शिकून कुणी साहेबांना 'ए, तू' म्हणावं तसलाच प्रकार. इलाज म्हणून मी सिनेमे सोडले नाहीत, बदलले. जपानी दिग्दर्शक ओझूंचा 'ओहायो' नावाचा 1959 सालचा सिनेमा आहे. दोन भावांना टीव्ही हवा असतो. 'फार बोलता' म्हणून वडील रागावतात, तर मुलं उलट म्हणतात, मोठी माणसंच निरर्थक बोलतात: शुभ सकाळ, हवा छान आहे, कुठे निघालात, इथंच जरा. आणि मुलं बोलणंच बंद करतात. शिकणाऱ्याला नेमकं हेच निरर्थक बोलणं हवं असतं. 'चोत्तो सोको मादे', म्हणजे तेच 'इथंच जरा', ऐकलं आणि आमच्या वाड्यातले 'कुठे निघालात?', 'हे काय, इथंच' आठवले. तो सिनेमा मी सहा वेळा पाहिलाय, जपानी सबटायटल्स लावून. फक्त त्यातल्या बायकांची वाक्यशेवटची 'वा' उचलू नका. आज कुणी तसं बोललं तर आजीबाईच वाटेल.

आजोबांबद्दल एकच विचारते. तर्खडकर संपवून ते थांबले का? माझे आजोबाही त्याच पिढीतले. पाठमालेनंतर त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज वाचला. श्रेय मात्र सगळं तर्खडकरांना द्यायचे. आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जर्मन-फ्रेंच शिकून घेतलं ते ग्रंथ वाचण्यासाठी; तिथे त्यांना जर्मनमध्ये मुलाखत द्यायची नव्हती. तुम्हाला द्यायची होती. तुमची निम्मी चिडचिड त्यातून आली असावी असा माझा अंदाज आहे, चुकला असेल तर सांगा.

ती कादंबरी टाकू नका, पण कपाटातच राहू द्या. शून्य पातळीची छापील पुस्तकं माझ्याकडे सहा आहेत, पहिल्या पातळीची चार. कोथरूडच्या आसपास राहत असाल तर मेल करा, देईन. एका वेळी दोनच मिळतील, आणि ती परत आल्याशिवाय पुढची मिळणार नाहीत. मी पुण्याची आहे.