राजापूरची पेठ पाडा म्हणणाऱ्यांना

पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरलं की राजापूरबद्दलचा एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: पूर्वजांनी नदीकाठी पेठ बसवली हीच चूक, जांभ्या दगडाची नि लाकडाची दुकानं पुरात टिकत नाहीत, पाडून आरसीसी बांधा, आणि वारसा म्हणाल तर तिथं काहीच नाही, कौलंसुद्धा मंगलोरची.

चूक कसली? माल नदीनेच यायचा. मोठी जहाजं जैतापूरच्या खाडीत थांबायची, तिथून होड्या अर्जुना नदीतून वर. देशावरचा माल अणस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचा. दोन्ही वाटा जिथं मिळतात तिथं बाजार भरला. इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली ती इथंच. तिचा प्रमुख रेव्हिंग्टन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेला, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर लुटलं. पुढे पात्र गाळाने भरत गेलं, माल रस्त्याने येऊ लागला. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या गाळाचा दोष पेठ बसवणाऱ्यांच्या माथी का?

आता जांभा. मातीत बसवलेला जांभ्याचा चिरा पाण्यात फार वेळ राहिला की सांधा ढिला होतो, हे खरं. वाळवी लाकूड खाते, हेही खरं. पण जांभा खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, भिंत फुगते, आणि बदनाम होतो तो जांभा! जुन्या दुकानाचा ओटा उंच, वर माडी. पाणी चढायला लागलं की गोणी वर न्यायच्या. रस्त्यावर डांबराचे थर चढवत आपणच ओटे बुटके केले.

आरसीसीने पूर अडतो का? २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारात सिमेंटच्या इमारतींचे तळमजलेही बुडालेच. शिवाय मालवण-वेंगुर्ल्यासारख्या समुद्रालगतच्या गावांत खारी हवा सळईला गंज आणते, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. जुना वासा बदलता येतो. स्लॅबमधली सळई बदलून दाखवा.

राहिली कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी इथं नळीची, म्हणजे अर्धगोल कौलं होती. मंगलोरी कौलं गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरली आणि तिथून घरांवर चढली. म्हणजे ज्या व्यापारावर या पेठा उभ्या राहिल्या, त्याचीच ही खूण. आणि बाहेरून आलेलं म्हणून मोडीत काढायचं असेल, तर सळ्या तरी राजापुरात कुठे तयार होतात?