बार्दो, कार्दिनाले आणि आमच्या आत्याचा सातबारा

सप्टेंबर 2025 मध्ये इटालियन नटी क्लाउडिया कार्दिनाले गेली, डिसेंबरात फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो. दोघी एकत्र असलेला 'ले पेत्रोलोझ' हा 1971 चा पिक्चर मी इथे फ्रान्समध्ये लिऑनला नवीन आले तेव्हा पाहिला होता, निम्मं फ्रेंच डोक्यावरून गेलेलं, म्हणून परत लावला. दर्जा यथातथाच. शेरीफ बावळट, जोक शिळे, शूटिंग स्पेनमधलं आणि अमेरिकेच्या वाळवंटात अख्खं गाव फ्रेंच बोलतंय!

तर बार्दो चार बहिणींना घेऊन ट्रेन लुटते, लुटीत एका रँचचे कागद हाती लागतात, त्या जमिनीखाली तेल आहे हे कार्दिनालेला माहीत असतं, तिचे चार भाऊ तिच्या धाकात, आणि मग दोघींची जी जुंपते ती सरळ ठोशांवर येते. आपल्याकडे पडद्यावर दोन बाया भांडल्या की मधे नवरा नाहीतर सासू ठरलेली. इथे चक्क सातबारा.

मी हसत होते आणि फोनवर आमचा फॅमिली ग्रुप पेटलेला. निफाडकडची द्राक्षाची जमीन, आजोबा गेलेले, काकांचं म्हणणं आत्याने हक्कसोड करून द्यावं, कारण "माहेर तुटायला नको". दरवर्षी साडीचोळी होतेच की. चुलतभावाने सुनावलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सारखा वाटा महाराष्ट्रात 1994 पासून आहे, 2005 पासून देशभर, तर त्यालाच सगळे ओरडले. मला कोणी काही विचारलं नाही, तू काय बाई परदेशात. वहिनीने तेवढं टाकलं, "तुमच्या फ्रान्सात बरं असतं."

बरं म्हणजे कसंय, मुलगा-मुलगी वारशात सारखे हे इथे राज्यक्रांतीपासून, नेपोलियनच्या 1804 च्या कायद्यातही, ते खरंय. पण लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडायला आणि नोकरी धरायला 1965 उजाडलं, म्हणजे हा पिक्चर यायच्या फक्त सहा वर्षं आधी! जमीन तुझी, पैशाचं मात्र त्याला विचार. आणि पेत्रोलोझ हा शब्दच मुळात शिवी, 1871 च्या कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या बंडात, तेल ओतून शहर पेटवल्याचा आळ ज्या बायांवर घेतला त्यांच्यासाठीची. शंभर वर्षांनी तिचा तेलावरून विनोद केला, तोही दिग्दर्शक बाप्यानेच, आणि कॅमेरा दोघींच्या कपड्यांवर जरा जास्तच रेंगाळतो. तेव्हा पुढारलेपणाचं फार कौतुक नको.

तरी एक गोष्ट मला आवडली ती आवडलीच. त्या दोघी हावरट आहेत आणि पिक्चर त्यांना त्याबद्दल रडवत नाही, माफी मागायला लावत नाही. आमच्या आत्याला वाटा हवा असेल तर आधी ती किती गरजू आहे ते सिद्ध करायला लागणार, काकांना नाही लागत.

आत्या अजून काही बोलली नाहीये. काल ग्रुपवर तिने फक्त द्राक्षाचा आत्ताचा भाव विचारला.